एक कादंबरी, ३०० प्रती: स्वतः छापून ऑनलाइन विकण्याच्या कामाच्या नोंदी

पुस्तक: कोयना धरणात गेलेल्या गावांवरची मराठी कादंबरी, डेमी आकार, २२४ पानं. प्रकाशक नाही. छपाई, विक्री, टपाल, हिशेब सगळं घरातून. नोंदी ज्या त्या दिवशी केल्या, पुढे काय झालं ते नंतर त्याच नोंदीत भरलं, आकडे शेवटी बिलांशी ताडून घेतले. दर पुण्यातले आहेत, तुमच्या गावी थोडे इकडेतिकडे होतील.

१४ जून २०२५

हस्तलिखित जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये होतं. कन्व्हर्टरने दहा मिनिटांत युनिकोड झालं आणि ते दुरुस्त करण्यात पुढचे अकरा दिवस गेले.

सगळ्यात मोठा घोळ ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं, ‘दऱ्या’चं ‘दर्या’, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. सरसकट ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ करून टाकायचा मोह होतो. तसं केलं की ‘सूर्य’, ‘कार्यालय’, ‘मर्यादा’ बिघडतात. पहिल्या दिवशी तेच झालं आणि फाइल मागे न्यावी लागली. नंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेल्या सगळ्या शब्दांची वेगळी यादी काढली, एकेक शब्द पाहून दोन गट केले आणि चुकीचा गट शब्दागणिक बदलला. ‘दर्या’ म्हणजे समुद्रही असतो. असे शब्द वाक्य वाचूनच ठरवावे लागतात.

‘अॅ’ आणि ‘ॲ’ दिसायला सारखेच, पण पहिल्यात ‘अ’ आणि चंद्र ही दोन वेगळी चिन्हं असतात, दुसरं एकच अक्षर आहे. दोन्ही फाइलमध्ये मिसळले तर शोध अर्धाच लागतो. सगळीकडे ‘ॲ’ केलं. अवतरणचिन्हं हातानेच बदलली.

शुद्धलेखन तपासनीसांना फाइल ही सफाई झाल्यावर द्या. कन्व्हर्टरच्या चुका काढण्यात त्यांचे डोळे खर्ची पडले तर खऱ्या चुका सुटतात. दर पानाला २५ रुपये, एकूण ५,६००.

१८ जून

आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी) अर्ज केला. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. तो मोफत असतो आणि लेखक स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकतो. पैसे घेऊन ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणणाऱ्यांची गरज नाही. आपल्याला २१ दिवस लागले. मुखपृष्ठ अंतिम व्हायच्या आधीच अर्ज करा, कारण क्रमांकाशिवाय बारकोड नाही आणि बारकोडशिवाय मलपृष्ठ पूर्ण होत नाही.

२ जुलै

मांडणी इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये), पानाला ४० रुपये, एकूण ८,९६०. पहिल्या पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी. कारण एकच: परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला नव्हता. मांडणी करणारी व्यक्ती इंग्रजी कामं जास्त करत असेल तर हे पहिल्याच दिवशी विचारा.

दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. बऱ्याच देवनागरी फाँटांत मूळ आकार हिंदी वळणाचे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली तरच मराठी ‘ल’, ‘श’ येतात. आपण टिरो देवनागरी मराठी वापरला. तो मोफत आहे आणि त्यात ही अक्षरं मुळातच मराठी वळणाची आहेत. ११.५ पॉइंट, ओळींचं अंतर १६.

पडद्यावर पाहून फाँट पक्का करू नका. दोन पानं खऱ्या आकारात, छपाईला येणार त्याच कागदावर काढून घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाला वाचायला द्या. पहिला नमुना १०.५ पॉइंटचा होता. तो चार ओळींनंतर हातभर लांब धरला गेला.

२१ जुलै

दरपत्रकं. ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) नॅचरल शेड कागद, ३०० जीएसएम कव्हर, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग:

डिजिटल, ३०० प्रती: प्रत ९६ रुपये, एकूण २८,८००.
ऑफसेट, ५०० प्रती: प्रत ८१ रुपये, एकूण ४०,५००.

पंधरा रुपयांच्या फरकाला भुलून ५०० छापायचं जवळजवळ ठरलं होतं. प्रश्न उलटा विचारायला हवा: शेवटच्या २०० प्रती विकायची वाट आज माहीत आहे का? नव्हती. ३०० छापल्या.

पानसंख्या १६च्या पटीत ठेवा. आपली मांडणी २२७ पानांवर संपत होती. म्हणजे पंधरावा फर्मा (एकत्र छापून दुमडलेली १६ पानं) आणि त्यात तेरा कोरी पानं. दोन प्रकरणांच्या शेवटी एकेक ओळ नव्या पानावर सांडत होती. ती मागे ओढली, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एका पानावर आणले आणि २२४ झाली, बरोबर चौदा फर्मे.

४ ऑगस्ट

इथवरची सगळ्यात महागडी चूक. मुखपृष्ठाचे ८,००० रुपये चित्रकाराला दिले आणि कण्याची (पुस्तकाच्या पाठीची) जाडी ११ मिमी धरून कव्हर छापायला सोडलं. हिशेब असा होता: ११२ पत्रं (दोन पानांचा एक कागद), प्रत्येक पत्र साधारण ०.१ मिमी. दरम्यान ठरलेला कागद संपला आणि त्याच वजनाचा दुसरा आला. वजन ७० जीएसएमच, पण हा कागद जास्त दाबलेला, म्हणून पातळ. पुस्तक ९ मिमीचं झालं. कण्यावरचं नाव दोन मिमी सरकून पुढच्या बाजूला आलं आणि मागची पट्टी मलपृष्ठावर.

३०० कव्हरं पुन्हा छापली. ११ रुपयांप्रमाणे ३,३०० गेले, सहा दिवसही गेले.

आता पद्धत अशी: त्याच कागदाची ११२ कोरी पत्रं आकारात कापून, चिकटवून छापखान्याकडून डमी घ्यायची, कणा पट्टीने मोजायचा आणि मगच चित्रकाराला आकडा द्यायचा. शिवाय कण्याचा आणि पुढच्या बाजूचा रंग एकच ठेवला तर एखादा मिमी इकडेतिकडे झालं तरी दिसत नाही. आपल्या मूळ आराखड्यात कणा गडद आणि मुखपृष्ठ फिकट होतं, त्यामुळे जरा सरकलं तरी ओरडून दिसत होतं.

बारकोड पांढऱ्या चौकटीत काळाच. चित्रकाराने तो निळ्यावर पांढरा केला होता. दिसायला छान, पण स्कॅनर वाचत नाही.

१९ ऑगस्ट

प्रती आल्या. खोके तसेच रचून ठेवू नका, प्रत्येक प्रत चाळा. ३०० प्रती चाळायला दोघांना साडेतीन तास लागले. चार प्रतींत एक फर्मा दोनदा आणि पुढचा गायब. छापखान्याने बदलून दिल्या, पण ते तिथल्या तिथे दाखवलं म्हणून. वाचकाच्या हातून परत आली असती तर दोन वेळचं टपाल आणि एक वाचक गेला असता.

आतापर्यंतचा खर्च: ५,६०० + ८,९६० + ८,००० + २८,८०० + ३,३०० = ५४,६६०. प्रत १८२ रुपयांना पडली. छापील किंमत ३४०, घरपोच ३००.

वितरकाला निम्म्या किमतीत द्यायची तर १७० हातात येतात, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे १२ रुपये तोटा. घाऊक वितरण तिथेच बाजूला ठेवलं. वितरकाकडून पुस्तक चालवायचं असेल तर किंमत पहिल्यापासून तशी बसवावी लागते आणि प्रतीही जास्त छापाव्या लागतात.

२५ ऑगस्ट

ऑर्डरसाठी गूगल फॉर्म आणि यूपीआयचा क्यूआर. वेबसाइट बनवली नाही. पेमेंट गेटवे (वेबसाइटवर पैसे घेऊन देणारी सेवा) साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. यूपीआयने थेट खात्यात घेतलं तर काही कापलं जात नाही.

५ सप्टेंबर

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि आपण प्रचार २६ला सुरू केला. दहा दिवसांत ११ ऑर्डर. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे ती सगळी माणसं गणपतीला गावी गेलेली. विचारणा आल्या, ‘गावाहून आल्यावर घेतो’ म्हणाले आणि विसरले. कोकण-साताऱ्याकडचा वाचक असेल तर गणपतीचे पंधरा दिवस प्रचाराला हात लावू नका.

फॉर्मचा धडा पहिल्या ऑर्डरींतच मिळाला. पत्त्यासाठी एकच मोठा रकाना होता. नऊ जणांनी पिन कोड लिहिला नाही किंवा चुकीचा लिहिला. आता रकाने वेगळे: नाव, घर/इमारत, मु. पो., तालुका, जिल्हा, पिन (सहाच अंक घेईल असं बंधन घालून), मोबाइल. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटऐवजी यूटीआर क्रमांकाचे (बँक प्रत्येक व्यवहाराला देते त्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक मागितले. रोज रात्री बँकेच्या यादीशी ते जुळवले की दोन मिनिटांत काम होतं. स्क्रीनशॉट चाळत बसलं तर अर्धा तास जातो, आणि दोन ऑर्डरींत स्क्रीनशॉट होता पण पैसे अडकून परत गेलेले होते.

८ सप्टेंबर

१९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत चार प्रती चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापणाऱ्यालाही हे लागू आहे. आज पाठवल्या. हे टाळू नका. पुस्तक पन्नास वर्षांनी कुणाला सापडायचं असेल तर ते तिथेच सापडेल.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट: २४० नंबरांची यादी करून संदेश पाठवला. ८९ जणांनाच पोचला. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी आपला नंबर साठवलेला आहे. यादीची मर्यादाही २५६ची. आठवडाभर ‘लोक प्रतिसाद देत नाहीत’ असं वाटत राहिलं, पण त्यांच्यापर्यंत काही गेलंच नव्हतं. आता ऑर्डर आली की पहिल्या उत्तरातच एक ओळ असते: ‘पार्सलचा नंबर याच नंबरवरून येईल, कृपया साठवून ठेवा.’ ट्रॅकिंगसाठी लोक आवर्जून साठवतात. पुढच्या यादीत ७० टक्क्यांहून जास्त लोकांना संदेश गेला.

१७ सप्टेंबर

जाहिरात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर, बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल अशी. ४,५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५,३१०. बारा दिवस.

२१२ जणांनी बटण दाबलं. ऑर्डर ७. म्हणजे ३०० रुपयांची एक प्रत विकायला ७५९ रुपये.

आकडे सोडून संवाद एकेक करून वाचले तेव्हा कारणं दिसली. जाहिरातीत किंमत नव्हती, त्यामुळे ९० हून जास्त जणांचा पहिला आणि शेवटचा शब्द ‘किंमत?’ उत्तर सरासरी चार तासांनी गेलं, तोवर माणूस पुढे सरकलेला. ३१ जणांनी ‘पीडीएफ आहे का’ विचारलं, म्हणजे फुकट. आणि वाचकवर्ग ‘मराठी, वाचनाची आवड, २५ ते ५५, संपूर्ण महाराष्ट्र’ असा निवडलेला. तिथे आपलं पुस्तक शेकडो पुस्तकांतलं एक होतं. विदर्भातल्या वाचकाला कोयनेच्या पुनर्वसनाबद्दल वाचावंसं वाटेल, पण आधी कुणीतरी त्याला ते सांगायला हवं. पंधरा सेकंदांच्या कव्हर-व्हिडिओने ते होत नाही.

जाहिरात बंद केली. स्वयंचलित पहिलं उत्तर बसवलं: ‘२२४ पानं, घरपोच ३०० रुपये, विषय एका ओळीत, फॉर्मची लिंक, नमुना प्रकरणाची लिंक.’ विचारणा ते ऑर्डर हे प्रमाण यानंतर साधारण दहात तीनवर आलं, तेही जाहिरातीशिवाय.

२६ सप्टेंबर

टपाल. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञानपोस्ट सुरू केली आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं, पाकीट जमिनीवरून जातं, म्हणून उशीर धरायचा. आपण वाचकाला ‘आठ ते दहा दिवस’ सांगतो. पाच सांगितले होते तेव्हा सहाव्या दिवसापासून फोन यायचे.

पहिली ३८ पाकिटं पुढच्या वजनाच्या दरात गेली. वजन केलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्यावर कळलं: पुस्तक २६२ ग्रॅम, दोन्ही बाजूंचे पुठ्ठे २८, बबल ९, बाहेरची पिशवी ११. एकूण ३१०. दहा ग्रॅमने टप्पा ओलांडत होतो.

बदल: दोन जाड पुठ्ठ्यांऐवजी पातळ नालीदार पुठ्ठ्याची एकच पट्टी, कणा आणि कोपरे झाकतील अशी गुंडाळलेली, १४ ग्रॅम. बबलऐवजी साधी प्लास्टिक पिशवी, ४ ग्रॅम. एकूण २९१. आभाराची छापील चिठ्ठीही काढून टाकली; जे लिहायचं ते पहिल्याच पानावर सहीसोबत लिहितो.

प्लास्टिक पिशवी मात्र काढू नका. सप्टेंबरच्या पावसात तीन प्रती भिजून गेल्या. तिन्ही आधीच्या पॅकिंगमधल्या, जिथे बबल होतं पण तोंड उघडं होतं. आता पिशवीचं तोंड दुमडून चिकटपट्टी, आणि टपालात टाकायचं ते सोमवार ते गुरुवार. शनिवारी टाकलेलं पाकीट दोन दिवस नुसतं पडून राहतं.

पॅकिंगचा खर्च प्रतीला ९ रुपये. वेळ १४ मिनिटांवरून ६ मिनिटांवर आला, कारण आता एकेक पुस्तक बांधत नाही; दहा पट्ट्या एकदम कापायच्या, दहा लेबलं एकदम चिकटवायची.

१२ ऑक्टोबर

मोठ्या ऑनलाइन बाजारात पुस्तक चढवलं. फक्त छापील पुस्तकं विकायची असतील तर ती जीएसटीमुक्त आहेत आणि जीएसटी क्रमांकाशिवाय विक्रेता म्हणून नोंद होऊ शकते. नोंदणीच्या पानावर हा पर्याय चटकन दिसत नाही, शोधावा लागतो.

नाव फक्त देवनागरीत दिलं होतं. तीन आठवड्यांत दोन विक्री. मराठी माणूस शोधताना बहुतेक वेळा रोमन लिपीत टाइप करतो, आणि ‘कोयना’ची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे करतो. नावात देवनागरी आणि रोमन दोन्ही, शोधशब्दांत सगळी स्पेलिंगं घातल्यावर पुस्तक दिसू लागलं.

३४० मधून कमिशन, ठरावीक शुल्क, वाहतूक आणि या शुल्कांवरचा जीएसटी जाऊन प्रतीमागे २०६ उरतात. थेट विक्रीत ३०० मधून टपाल-पॅकिंग वजा जाता २६०च्या वर. कॅश ऑन डिलिव्हरी चालू ठेवली होती. दोन प्रती घरी न स्वीकारल्याने परत आल्या, एकीचा कोपरा दुमडलेला. ती सोय बंद केली.

तरीही बाजारातली नोंद काढली नाही. परगावचा, आपल्याला न ओळखणारा वाचक तिथून घेतो आणि चार ओळींचा अभिप्राय लिहितो. तो अभिप्राय इतरांना दाखवता येतो.

३ नोव्हेंबर

दुकानं. चार दुकानांत मिळून ३० प्रती, विक्रीनंतर पैसे, ४० टक्के कमिशन. आजपर्यंत ११ विकल्या गेल्याचं कळलं आणि ६ प्रतींचे पैसे आले. पहिल्या दोन ठिकाणी प्रती नुसत्या ठेवून आलो होतो. चलनावर (माल दिल्याच्या पावतीवर) सही-शिक्का नव्हता. नंतर प्रत्येक ठिकाणी दोन प्रतींचं चलन, त्यावर प्रतींची संख्या, कमिशन आणि हिशेबाची तारीख. तारीख लिहिलेली असली की फोन करणं सोपं जातं.

१६ नोव्हेंबर

किंडल, म्हणजे ॲमेझॉनवरचं ई-पुस्तक. मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नोंद लागते, म्हणजे ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही आणि फुकट नमुना १० टक्क्यांपर्यंतच. आपली तीन प्रकरणांची ४१ पानी पीडीएफ फिरत होती. ती काढून १८ पानांची केली.

७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारावर एमबीमागे ७ रुपये कापले जातात. जलाशयाखाली गेलेल्या गावांचा स्कॅन केलेला नकाशा आत होता, त्यामुळे फाइल ४.८ एमबी. प्रत्येक विक्रीमागे जवळजवळ ३४ रुपये. नकाशा फोनच्या पडद्याएवढा लहान करून फाइल १.१ एमबी केली. मानधनातून अमेरिकेत जास्त कर कापला जाऊ नये म्हणून कराच्या प्रश्नावलीत पॅन भरावा लागतो. करारानुसार दर १५ टक्के.

किंडलवर आतापर्यंत १४ विक्री. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, म्हणून खालच्या हिशेबात धरलेले नाहीत.

१४ डिसेंबर

इथे कामाला खरी दिशा सापडली.

११ डिसेंबर हा १९६७च्या कोयना भूकंपाचा दिवस. त्या दिवशी सकाळी सात वाजता कादंबरीतला भूकंपाच्या रात्रीचा उतारा चित्र म्हणून टाकला: ६४ शब्द, फोनवर चष्म्याशिवाय वाचता येतील एवढं अक्षर, कव्हर नाही, ‘घ्या’ नाही. खाली फक्त पुस्तकाचं नाव, किंमत, फॉर्म. पाटण-जावळीकडच्या गावांच्या गटांतून तो आपोआप पुढे गेला. तीन दिवसांत २२ ऑर्डर, खर्च शून्य. लोकांनी स्वतःच्या घराच्या आठवणी खाली लिहिल्या. ‘आमचं गाव पाण्याखाली आहे’ असं लिहिणारा माणूस हा या पुस्तकाचा पहिला वाचक. त्याच्याकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं, आणि आपण गेलो चार महिने उशिरा.

कोयनेचे विस्थापित सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यात विखुरलेले आहेत. पाटण-जावळीची बरीच माणसं माथाडी कामाच्या निमित्ताने नवी मुंबईत, घणसोली-कोपरखैरण्यात. त्यांची गावनिहाय मंडळं असतात, वर्षातून एकदा स्नेहसंमेलन, मुलांचा गुणगौरव. दोन मंडळांनी पुस्तकं बक्षीस म्हणून घेतली: ४० आणि ३० प्रती, प्रत २४० रुपयांना. एकदम ७० प्रती, टपालाशिवाय, रिक्षा-टेम्पोचे ९०० रुपये.

मंडळांशी व्यवहार करताना: बिल लागतंच, कारण खजिनदाराला हिशेब सभेत मांडायचा असतो. छापील बिलबुक ठेवा, त्यावर ‘छापील पुस्तके, एचएसएन ४९०१, कर शून्य’ असं लिहा (एचएसएन म्हणजे जीएसटीतला वस्तूचा क्रमांक). निम्मी रक्कम आगाऊ. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचवू असं म्हणू नका, चार दिवस आधी पोचवा. त्यांना वर मंडळाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची असते. आणि प्रत्येक प्रतीत फॉर्मचा क्यूआर शेवटच्या पानावर हवा. आपल्या छपाईत तो नाही. ७० घरांत पुस्तक गेलं आणि त्यातल्या कुणाला आणखी एक हवं असेल तर आपला पत्ता पुस्तकात कुठेच नाही.

पुणे पुस्तक महोत्सव सोडला. एकाच पुस्तकासाठी गाळ्याचं भाडं आणि आठवडाभर उभं राहणारं माणूस परवडत नाही.

५ जानेवारी २०२६

साताऱ्याचं ९९वं साहित्य संमेलन, १ ते ४ जानेवारी. जागा सातारा, विषय कोयना, त्यामुळे हे सोडायचं नव्हतं. स्वतंत्र गाळा न घेता ओळखीच्या छोट्या प्रकाशनाच्या गाळ्यात एक टेबल: वाटा ३,५०० रुपये, प्रवास-राहणं २,८००. चार दिवसांत ४८ प्रती.

पहिल्या दिवशी ५, शेवटच्या दिवशी १९. फरक असा पडला की दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या ढिगामागे बुडालेल्या गावांचा नकाशा मोठा करून लावला, ए-२ आकारात. लोक थांबतात, बोट ठेवून आपलं गाव शोधतात, मग पुस्तक उचलतात. पुस्तकाचं कव्हर मोठं करून लावलं होतं तेव्हा कुणी थांबत नव्हतं.

गर्दीत मोबाइलचं नेटवर्क जातं. यूपीआय अडकतं आणि मागे रांग लागते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले दोन फोन ठेवा आणि ५०-१००च्या नोटांचे सुट्टे सोबत न्या. किंमत ३०० ठेवली होती म्हणून निभावलं. २८० ठेवली असती तर वीस-वीसच्या नोटांसाठी दिवस गेला असता.

१८ जानेवारी

३०० प्रतींचा ठावठिकाणा: थेट ९३, मंडळं ७०, संमेलन ४८, ऑनलाइन बाजार १९, दुकानांत विकलेल्या ११ आणि पडून १९, ग्रंथालयं ४, अभिप्रायासाठी भेट २२, भिजलेल्या ३, शिल्लक ११.

हाती आलेले (त्या त्या वाटेचा खर्च वजा करून): थेट २४,५५०; मंडळं १५,९००; संमेलन ८,१००; ऑनलाइन बाजार ३,४८०; दुकानं १,२२४. एकूण ५३,२५४.

खर्च: पुस्तक ५४,६६०, जाहिरात ५,३१०, भेटप्रतींचं आणि ग्रंथालयांचं टपाल ८६०. एकूण ६०,८३०.

तूट ७,५७६. जाहिरात आणि दुसऱ्यांदा छापलेली कव्हरं मिळून ८,६१० होतात. भेटप्रती दिलेल्या २२ पैकी ५ जणांनी काही लिहिलं. पुढच्या वेळी आधी विचारून, ‘वाचायला वेळ आहे’ म्हणणाऱ्यालाच.

लिखाण सोडून गेलेला वेळ साधारण ३१० तास, त्यातले ९० पहिल्या महिन्यात फाँट आणि मांडणीवर.

२४ जानेवारी

दुसऱ्या छपाईचं दरपत्रक, २०० प्रती: प्रत १०३ रुपये. २२ सप्टेंबरपासून कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, त्याचा भाग यात आहे. मांडणी आणि कव्हरचा खर्च पुन्हा नाही, त्यामुळे वितरकाला दिली तरी प्रत तोट्यात जात नाही.

फाइलमध्ये करायच्या दुरुस्त्या: पान ३७ वर राहिलेलं ‘कर्हाड’, पान ११८ आणि १९१ वरचे सुटलेले अनुस्वार, शेवटच्या पानावर फॉर्मचा क्यूआर आणि टपालाचा पत्ता, नकाशा आतल्या कव्हरवर. कागद बदलणार असेल तर डमी पुन्हा मोजायची. छापखान्याला तसं लेखी कळवलं आहे. आगाऊ मागणी दोन मंडळांकडून ५५ प्रतींची आहे, निम्मी रक्कम जमा झाली.